वाट मोकळी ठेवायची तर

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या बर्क या गावी तीन जमीनमालकांनी एक निर्णय जाहीर केला. त्यांच्या रानातून जाणाऱ्या पायवाटांवर यापुढे माउंटन बाइकला प्रवेश नाही. पायी चालणाऱ्यांना मज्जाव नव्हता. बंदी होती ती फक्त सायकलींना. ज्या वाटांवरून पंचवीस वर्षे सायकली धावल्या, त्या एका निरोपाने बंद झाल्या. त्याविरुद्ध ना कुणी कोर्टात गेले, ना जाण्यासारखे काही होते. जमीन त्यांची, वाट त्यांच्या मर्जीने दिलेली, आणि मर्जी संपली होती.

ही गोष्ट एखाद्या आडगावच्या भांडणाची असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण बर्क हे उत्तर अमेरिकेतल्या माउंटन बायकिंगचे मानाचे ठिकाण आहे. तिथे 'किंग्डम ट्रेल्स' ही ना-नफा संस्था १९९४ पासून वाटांचे जाळे सांभाळते. जाळे दीडशे किलोमीटरहून मोठे आहे आणि ते शंभराच्या आसपास खासगी मालकांच्या जमिनींवर पसरले आहे. गावची वस्ती सतराशेच्या घरात. बंदीच्या आधीच्या काळात वर्षाला लाखाहून अधिक सायकलफेऱ्या तिथे नोंदल्या जात होत्या. बॉस्टन आणि माँट्रियल ही दोन मोठी शहरे गाडीने दोन-तीन तासांवर, त्यामुळे शनिवार उजाडला की सायकली लादलेल्या गाड्यांची रांग लागायची.

याच गावात, डार्लिंग हिल नावाच्या टेकडीवर, जून महिन्यात 'नेम्बाफेस्ट' भरायचा. न्यू इंग्लंड माउंटन बाइक असोसिएशन म्हणजे 'नेम्बा', तिचा हा वार्षिक मेळा. शुक्रवारी संध्याकाळी माथ्यावरच्या कुरणात तंबूंची वसाहत उभी राहायची. कंपन्या नव्या सायकली घेऊन यायच्या आणि त्या हवे त्याला चालवून बघायला द्यायच्या. नवशिक्यांसाठी, मुलांसाठी, बायकांसाठी वेगवेगळ्या गटफेऱ्या निघायच्या. रात्री गाणे-बजावणे, सकाळी पुन्हा वाट. हजारो माणसे, तीन दिवस. ज्या चळवळीने लोकांना एकत्र आणून वाटा वाचवल्या तिचाच हा उत्सव होता, म्हणून डार्लिंग हिलवरच वाटा बंद व्हाव्यात ही घटना चटका लावणारी आहे. २०२० च्या जूनमध्ये मेळा तिथे भरला नाही. आधी जमीनमालकांचा प्रश्न, पाठोपाठ करोनाची साथ.

सायकलस्वार, गिर्यारोहक, ट्रेकर, तंबूवाले अशा सगळ्यांनीच या प्रसंगाकडे नीट पाहायला हवे. महाराष्ट्रातल्यांनी तर विशेष. कारण सह्याद्रीत आज जे चालले आहे ते बर्कच्या पहिल्या अंकासारखे आहे आणि दुसरा अंक सुरू व्हायला फार वेळ उरलेला नाही.

आधी बर्कची व्यवस्था समजून घेऊ. व्हरमाँटच्या १७७७ च्या राज्यघटनेने रहिवाशांना कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकार आणि मासेमारीचा हक्क दिला आहे. ज्याला आपल्या रानात शिकारी नको असतील त्याने पाट्या लावायच्या, पाटीवर साल घालायचे आणि दरवर्षी गावच्या दप्तरात नोंद करायची. म्हणजे रान मोकळे असणे हा तिथला रिवाज, बंद ठेवायचे असेल तर खटपट मालकाने करायची. सायकलला मात्र ही घटनात्मक सवलत नाही. ती मालकाच्या संमतीवर चालते. ही संमती सोपी व्हावी म्हणून राज्याने कायदा केला आहे: मोबदला न घेता करमणुकीसाठी जमीन वापरू दिली, तर कुणी पडून हातपाय मोडून घेतल्याची जबाबदारी सहसा मालकावर येत नाही. मेख इथेच आहे. हे संरक्षण पैसे न घेणाऱ्याला आहे. सायकलस्वार दिवसाचा पास काढतो तो संस्थेकडे, आणि त्या पैशातून वाटांची डागडुजी, विमा, कर्मचाऱ्यांचे पगार निघतात. मालक आपले रान फुकट देतो.

मग फायदा कुणाचा? लॉजवाल्याचा, सायकल दुकानाचा, उपाहारगृहाचा, पेट्रोल पंपाचा. त्यात वाईट काही नाही. दुग्धव्यवसाय आणि लाकूडतोड आटत चाललेल्या त्या डोंगरी मुलखात सायकलींनी रोजगार आणला, घरे विकली गेली, तरुण कुटुंबे राहायला आली. पण गावाचा फायदा झाला म्हणजे गावातल्या प्रत्येकाचा झाला असे होत नाही. ज्याच्या खिडकीसमोरून दिवसभर अनोळखी माणसे आरडाओरडा करत जातात, ज्याच्या फाटकापाशी गाड्या आडव्या लावलेल्या असतात, ज्याचा घोडा वळणावर अचानक आलेल्या सायकलीने बुजतो, त्याच्या पदरात यातले काय पडते? लाभ एकाच्या गल्ल्यात आणि ताप दुसऱ्याच्या डोक्याला, हा हिशेब फार वर्षे चालत नाही. बर्कमध्ये तो पंचवीस वर्षे चालला, हेच त्या मालकांच्या सौजन्याचे मोठेपण म्हणायचे.

बंदीनंतर जी कारणे चर्चेत आली ती अशीच होती: गर्दी, आणि काही सायकलस्वारांचे उर्मट वागणे. मातीची धूप हा मुख्य मुद्दा नव्हता. याबद्दल एक गैरसमज दूर व्हायला हवा. सायकलची चाके डोंगर पोखरतात असे सरसकट बोलले जाते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात थर्स्टन आणि रीडर या दोन संशोधकांनी जंगलात चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा परिणाम शेजारी शेजारी मोजला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वनस्पती आणि मातीच्या नुकसानीत दोघांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. भांडण असते ते वेगाचे आणि दचकण्याचे. ते जुनेही आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, जिथे १९७६ साली 'रीपॅक' नावाच्या उताराच्या शर्यतीतून हा खेळ आकाराला आला, तिथेच माउंट टॅमलपायसच्या अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद रस्त्यांवर ताशी पंधरा मैलांची मर्यादा आली आणि ती पाळली जाते का हे पाहायला वनरक्षक रडार बंदूक घेऊन उभे राहू लागले. जन्मभूमीतच खेळाची अशी कोंडी झाली.

त्या कोंडीतूनच संघटना उभ्या राहिल्या. नेम्बा १९८७ ची, आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन म्हणजे 'इम्बा' १९८८ ची. दोघींच्या जन्माचे कारण एकच, बंद होत चाललेल्या वाटा. या लोकांनी मोर्चे काढले नाहीत असे नाही, पण त्यांची खरी ताकद वेगळ्या कामात दिसली. ते हत्यारे घेऊन जंगलात गेले आणि सगळ्यांसाठी वाटा दुरुस्त करू लागले. पुढे २००३ मध्ये नेम्बाने मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्ड इथे ४७ एकर रान चक्क विकत घेतले, तिथे घरे उठू नयेत आणि वाटा राहाव्यात म्हणून. वर्गणी काढून जंगल विकत घेणारे सायकलस्वार ही बातमी त्या काळी अपूर्वाईची होती.

वाट दुरुस्त करणे म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. डोंगराच्या कुशीत आडवी वाट काढायची तर आधी पालापाचोळा, मुळे आणि काळी भुसभुशीत माती खरवडून काढतात, खालचा घट्ट थर लागेपर्यंत. मग उताराच्या पोटात खाच घेऊन तळ सपाट करतात. पण अगदी सपाट नाही. दरीच्या बाजूला त्याला किंचित कल देतात, मीटरभर रुंदीला साधारण पाच सेंटिमीटर. एवढ्या कलाने पावसाचे पाणी वाटेवरून आडवे निघून जाते, वाटेबरोबर धावत नाही. लांब उतार आला की मध्येच वाट थोडी वर चढवून पुन्हा खाली सोडतात. सायकलस्वाराला तिथे उसळी मिळते, पण हेतू पाणी तोडण्याचा असतो. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त असू नये असा ठोकताळा आहे. तो मोडला की पहिल्या पावसात वाटेची नाली होते.

हत्यारेही खास. मॅक्लाउड म्हणजे एका बाजूला दाताळे आणि दुसऱ्या बाजूला रुंद पाते. पुलॅस्की म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ. हे दुसरे हत्यार ज्याच्या नावाने ओळखले जाते तो एड पुलॅस्की अमेरिकी वनखात्यातला रेंजर. १९१० च्या महावणव्यात आयडाहोमध्ये त्याने आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवले होते. आज तेच हत्यार हातात घेऊन बँकेतली, सॉफ्टवेअरमधली माणसे शनिवारी सकाळी मुळे तोडत बसतात. दोन तास खाच काढून कंबर धरली की ओल्या वाटेवर सायकल का घालायची नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. व्हरमाँटमध्ये बर्फ वितळल्यावर वाटा वाळेपर्यंत त्या बंदच ठेवतात. चिखलात पडलेल्या चाकोरीतून पाणी वाहू लागले की एका दुपारची मजा दुरुस्त करायला आठवडे जातात.

म्हणून सायकल आणि तंबूच्या सामुदायिक शनिवार-रविवारांना विरोध करणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. मेळ्याने माणूस नुसता येऊन जात नाही, मुक्काम करतो. मुक्काम केला की गावातल्या कुणाशी तरी बोलतो, कुणाच्या तरी नळाचे पाणी पितो, सकाळी कुणाच्या गोठ्यातला वास घेत उठतो. वाट कुणाच्या जमिनीतून जाते हे त्याला कळण्याची ती एकमेव संधी असते. ती संधी आयोजक साधतात की फुकट घालवतात, एवढाच प्रश्न आहे. ज्या मेळ्यात कंपन्यांचे मंडप पहिल्या रांगेत असतात आणि जमीनमालकाची ओळखही कुणी करून देत नाही, तो मेळा वाटांच्या नावाने भरत असला तरी वाटांसाठी नसतो. आणि जो मेळा दरवर्षी मोठा होण्यातच यश मानतो, तो कधी ना कधी कुणाच्या तरी सहनशक्तीची हद्द ओलांडणारच.

किंग्डम ट्रेल्सने बंदीनंतर मालकांवर दोषारोप केले नाहीत, ही गोष्ट कौतुकाची आहे. संस्थेने हे जाळे किती माणसे पेलू शकते याचा अभ्यास हाती घेतला. सायकलस्वारांनी कृतज्ञतेने चालवावे अशी मोहीम काढली. घोडा दिसला की थांबायचे, घोडेस्वाराशी बोलायचे म्हणजे घोड्याला माणूस असल्याचे कळते, मग तो सांगेल तसे पुढे जायचे, एवढ्या साध्या गोष्टी पाट्यांवर आणि तोंडी पुन्हा पुन्हा सांगितल्या जाऊ लागल्या. हे सारे आधी झाले असते तर बरे झाले असते असे म्हणणे सोपे आहे. पण वाढत्या गर्दीच्या वर्षांत थांबून हिशेब करणे कोणत्याही गावाला जड जाते.

स्कॉटलंडचे उदाहरण देऊन काही जण म्हणतील की कायदाच करावा. तिथे २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला, सायकलस्वारालाही, बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवर जाण्याचा हक्क दिला. शेजारच्या इंग्लंड-वेल्समध्ये मात्र १९६८ च्या कायद्याने सायकलला फक्त घोडेवाटांवर मुभा मिळाली, तीही पादचारी आणि घोडेस्वारांना आधी वाट देण्याच्या अटीवर. कायदा हवाच. पण स्कॉटिश कायद्यातही हक्काच्या गळ्यात जबाबदारीचे विशेषण बांधलेले आहे, आणि ते पाळले गेले की नाही हे शेवटी कुठल्या तरी शेताच्या फाटकावरच ठरते.

आपल्याकडचे कायदे अगदीच मुके नाहीत. शेताच्या बांधावरून जाण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे, आणि वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण हे हक्क शेतकऱ्याचे, शेतात जाण्यासाठीचे. पुण्या-मुंबईहून सायकल घेऊन आलेल्याला ते लागू नाहीत आणि तसा आव त्याने आणूही नये. सह्याद्रीतली वाट कधी वनखात्याच्या हद्दीतून जाते, कधी अभयारण्यातून, कधी गायरानातून, कधी कुणाच्या भातखाचराच्या कडेने. एका सकाळच्या फेरीत चारही प्रकारची जमीन लागू शकते, आणि स्वाराच्या मोबाइलमधल्या नकाशावर ती सगळी एकाच हिरव्या रंगात दिसते.

त्यात पावसाळ्याची गर्दी. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. जीव वाचवण्यासाठी प्रशासनाने पाऊल उचलणे समजण्यासारखे आहे. पण दरवर्षी दुर्घटना, दरवर्षी बंदी, दरवर्षी दिवाळीत विसर, या चक्रात ना गावाला काही मिळते ना वाटेला. बंदीने गावातल्या वाटाड्याची आणि पिठलं-भाकरी देणाऱ्या घराची कमाई बुडते, आणि शिस्तीत येणारा व बाटल्या फोडणारा दोघेही एकाच पाटीपाशी अडतात.

महाराष्ट्राला दुसरा रस्ता माहीत नाही असेही नाही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या काळात १ मेच्या महाश्रमदानाला शहरातली हजारो माणसे घमेले-फावडे घेऊन गावोगाव पोचली होती. दुर्गसंवर्धनाचे गट वर्षानुवर्षे किल्ल्यांवरची टाकी उपसतात. पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२३ मध्ये नागरिक रस्त्यावर उतरले. टेकडीवर रोज चालणाऱ्यांचे आणि सायकल चालवणाऱ्यांचे हित एकच आहे हे अशा वेळी उघड दिसते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. असा हक्क जिथे मान्य झाला आहे तिथे जंगलातून कोण, किती आणि कधी जाणार हे ठरवण्यात ग्रामसभेचा शब्द वजनदार आहे. श्रमदान, शहरी उत्साह आणि ग्रामसभेचा अधिकार या तिन्ही गोष्टी राज्यात आहेत, त्या एका वाटेवर एकत्र आलेल्या नाहीत.

त्या आणायच्या तर सुरुवात लहान हवी. भातकापणी उरकल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस, एका गावात एक मुक्काम. तारीख ग्रामसभेने ठरवायची, कारण कुणाचे खाचर मोकळे झाले आणि कुणाची मळणी राहिली हे आयोजकाला कळणार नाही. तंबू ज्याच्या खाचरात त्याला भाडे, स्वयंपाक बचत गटाकडे, आणि संख्या गावच्या पाण्याकडे बघून. शनिवारची सकाळ वाटेच्या कामाची, ज्याला ते नको त्याने येऊ नये. पाणी आडवे काढणारा कल कसा द्यायचा हे शहरातल्यांपेक्षा गावातला माणूस चांगले सांगेल, ताल धरण्यात आणि बांध घालण्यात त्याची हयात गेलेली असते. वाटेवर गुरे, गुराखी आणि लाकूडफाटा आणणाऱ्या बाया आधी, सायकल नंतर. खर्च वजा जाता उरलेली रक्कम कुणाच्या हाती गेली हे चावडीवर लावायचे. आणि ज्यांच्या जमिनीवरून वाट गेली पण ज्यांचे घर ना खानावळ ना दुकान, त्यांच्यापर्यंत काय पोचले याची नोंद वेगळी ठेवायची, कारण बर्कमध्ये नेमके तेच निसटले.

वनखात्याचा वाटा यात मोठा आहे. आज परवानगी मागायला गेलेल्याला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरावे लागते, म्हणून बरेच जण न विचारताच जातात. त्याऐवजी खाते, ग्रामसभा आणि सायकल गट यांच्यात लेखी करार व्हावा: कुठली वाट, कोणते महिने, जास्तीत जास्त किती माणसे, दुरुस्ती कुणाची, आणि कोणत्या कारणाने करार रद्द होईल. पहिला करार एकाच घाटवाटेपुरता आणि एकाच हंगामापुरता केला तरी चालेल. पावसाळ्यानंतर वाटेची पाहणी तिघांनी मिळून करावी, आणि पुढच्या हंगामाचे त्या पाहणीवरच ठरवावे.